आते, तुझं तुर्कस्तान

आते, मंगळवारी एमिनेबाईंच्या घरी जाऊन आले. तू गेलीस हे त्यांना सांगायचं होतं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्या मुलाला, केनानला, मेसेज टाकून मोकळं व्हावं असं खूपदा मनात आलं, पण मग तू डोळे वटारशील असं वाटायचं आणि मी फोन खाली ठेवायची. नाहीतरी टूरचा ग्रुप घेऊन इस्तंबूलला जायचंच होतं. ग्रुपला बाजारात खरेदीला सोडलं आणि मी निघाले. त्या बाईंच्या लेखी तू अजून गावाला आहेस, धडधाकट, शेतात राबतेयस.

कसं झालं ते सांगते, पण तिथवर यायला जरा वेळ लागेल. तुला तसंच आवडायचं. "झटकन सांगू नको गो, पयला काय काय झाला ता सांग," म्हणत तू गॅलरीतल्या खुर्चीत पाय लांब करून बसायचीस. त्या खुर्चीवर आई आता निवडलेली भाजी ठेवते. कोणाला बसू देत नाही आणि ती रिकामी दिसलेलीही तिला खपत नाही.

परदेश तू पहिल्यांदा कॅलेंडरात पाहिलास. आपल्या चाळीखालचा केमिस्ट दरवर्षी एक कॅलेंडर द्यायचा. बर्फाचे डोंगर, हिरवंगार कुरण आणि त्यात एक गाय. तू ते ओट्यासमोर लावायचीस आणि पोळ्या लाटताना बघत राहायचीस. "स्वित्झर्लंडात माणसां ऱ्हवतच नाय वाटता," म्हणायचीस. "बारा म्हयने बघतंय, एक दिसूक नाय." पुढे सिनेमातल्या गाण्यांमुळे तिथे माणसं आली, पण तीही आपलीच, आणि दर कडव्याला कपडे बदलणारी. मी टूर मॅनेजर होऊन पहिल्यांदा स्वित्झर्लंडला निघाले तेव्हा तू माझी बॅग उघडून बघितलीस आणि काळजीने विचारलंस, "एवढ्या कपड्यांत कसा भागतला गो तुझा?"

मी तेव्हा तुला हसले होते. नंतर कळलं की माझ्या ग्रुपमधले शिकलेसवरलेले लोकही याच हिशेबाने येतात. निवृत्त इंजिनीअर बायकोला बर्फात शिफॉनच्या साडीत उभी करतात, थंडीने तिचे ओठ निळे पडले तरी "पदर सोड, पदर सोड" चालूच. त्यांना आवरायचं आणि "असं काही नसतं हो" म्हणत दिवसभर समजावत फिरायचं, हाच माझा धंदा. ती सवय इतकी अंगात मुरली की घरीही मी तेच करायला लागले, आणि घरी माझी गाठ तुझ्याशी होती.

तुझं खरं प्रेम जडलं ते तुर्कस्तानावर. शाळेतली आयाची नोकरी संपली, गुडघ्यांनी दगा दिला, दोन जिने उतरणं बंद झालं, तेव्हा मी तुला मोबाइल आणून दिला. त्यात तुला ती हिंदीत केलेली मालिका सापडली. पहिला आठवडाभर तू त्या लोकांना पंजाबी समजत होतीस. गोरे आहेत, हिंदी बोलतात, घरं मोठी आहेत, म्हणजे पंजाबीच. मग बायकांच्या डोक्यावरचे रुमाल पाहून तू त्यांना काश्मिरी केलंस. एक दिवस मी मागून जाताना पडद्यावर इस्तंबूलचा पूल दिसला आणि मी म्हटलं, "आते, हे तुर्कस्तान आहे. मी तिथे जाते." तू मोबाइल थांबवलास आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नोकरीबद्दल तुझ्या तोंडावर आदर दिसला.

तुझ्या तुर्कस्तानात सगळ्यांची घरं समुद्राला लागून होती. "हय समुद्र वरळीच्या बंगलेवाल्यांचो, तिकडे सगळ्यांचो," असं तू आईला सांगायचीस. तिथे कोणी कामाला जात नव्हतं, सगळे घरात बसून एकमेकांची भांडणं सोडवत होते. घरात शिरताना चपला दाराबाहेर काढत होते, ही गोष्ट तुला फारच पटली, कारण सिनेमातले अमेरिकन लोक बुटांसकट पलंगावर पाय टाकतात म्हणून त्यांच्यावर तुझा कधीच विश्वास बसला नव्हता. आणि तिथले पुरुष रडायचे. मोठे, दाढीवाले, सुटाबुटातले पुरुष. ते पाहताना तू एकदा बाबांची आठवण काढलीस. "तुझ्या बापाशीक आवस गेली तेवाय रडाक इला नाय. गॅलरीत बिडी ओढत ऱ्हवलो." मग बराच वेळ तू मोबाइलकडे बघत होतीस, पण मालिका कधीच संपली होती.

मी तुला सारखी दुरुस्त करायची. सगळ्यांना समुद्र नसतो, लोक कामाला जातात, ट्रॅफिक आपल्यासारखंच आहे. एकदा तू वैतागून मला समोर बसवलंस.

"तू तिकडे कितीदा गेलंस?"

"पुष्कळदा."

"काय बघलंस?"

"राजवाडे, मशिदी, बाजार."

"कोणाच्या घरात गेलंस? कोणी च्या दिल्यान तुका?"

"हॉटेलात मिळतो की चहा."

"मगे? मी रोज तेंच्या चुलीकडे बसतंय. तू रस्त्यावरून जातंस आणि माका सांगतंस."

याचं उत्तर मी आत्तापर्यंत शोधतेय.

नाशिकचं स्थळ आठवतं? मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. त्यांचं अर्धं लक्ष गॅलरीबाहेर, कारण गिरणगाव त्यांनीही सिनेमातच पाहिलेलं. शेवटी मामांना राहवलं नाही. "इकडे गोळीबार वगैरे होत असेल ना वरचेवर?" आईचा चेहरा पडला. तू मात्र पोह्यांवर खोबरं पेरता पेरता शांतपणे म्हणालीस, "रोज नाय. मंगळवारी सुट्टी." मामांनी खुर्ची गॅलरीपासून जरा आत ओढली. मग चहा आला. मुलाने एक घोट घेतला आणि सरळ बशीत थुंकला. तुझ्या मालिकेत मुलगी बघायला आले की ती मुलाच्या कॉफीत मीठ घालते, आणि तिच्यावर जीव असेल तर तो हूं की चूं न करता सगळी पितो. तू माझ्यासाठी आपल्या घरी ती परीक्षा घेतलीस. मुलाला सांगायला हवं होतं, एवढंच तुझ्या लक्षात आलं नाही. ते लोक गेल्यावर आई तुझ्याशी अख्खा दिवस बोलली नाही आणि तू मला म्हणालीस, "थुकलो म्हणजे तुझो नाय." मी तेव्हा रागावल्याचं नाटक केलं. खरं तर मला तो मुलगा जराही आवडला नव्हता आणि नाही कसं म्हणावं हे सुचत नव्हतं. आते, त्या मिठाबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

मग ते पाण्याचं झालं. मालिकेतला तो लाडका मुलगा घर सोडून लांबच्या गावी निघाला. गाडी सुटली आणि त्याच्या आईने भांडंभर पाणी घेऊन गाडीच्या मागे रस्त्यावर ओतलं. मी किचनमध्ये होते, तुझी किंकाळी ऐकून धावत आले. तुला वाटलं आईने मुलाला टाकलं. आपल्याकडे पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन, त्याला भोक पाडून कोणाभोवती फिरतात हे तुला ठाऊक, आणि या बाईने जिवंत मुलाच्या मागे धार सोडली. "जितो आसताना ओतल्यान गो," तू आईला सांगत होतीस. आईने कधी ती मालिका पाहिली नव्हती, पण तिचेही डोळे भरून आले. पुढच्या भागात ती आई मुलाशी फोनवर गोड बोलली, तेव्हा तू मान फिरवलीस. "ढोंग. पाणी ओतलेला मी बघलंय." मी काहीतरी वेगळा रिवाज असेल म्हटलं, तर तू मला कामाला लावलंस. "जा आणि इचार. पण घरात जाऊन इचार. बाजारात नको."

म्हणून पुढच्या टूरला मी आमच्या बसचा ड्रायव्हर केनान याला विचारलं. त्याची माझी बरीच वर्षांची ओळख, दोघांचं मोडकंतोडकं इंग्रजी एकमेकांना चालून जातं. तो आधी हसला, मग सांगायला लागला आणि मध्येच थांबून म्हणाला, "हे माझी आईच नीट सांगेल. घरी चल."

असं मी तुर्कस्तानात पहिल्यांदा एका घरात गेले. समुद्रापासून लांब, एकाला एक चिकटलेल्या इमारती, लिफ्ट बंद. आपल्या पलीकडे मिलच्या जागेवर उठलेल्या इमारतींमागे पुनर्वसनाची बिल्डिंग आहे ना, तशीच. दाराबाहेर चपलांचा ढीग. एमिनेबाई तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच डुलत चालणाऱ्या, त्यांचेही गुडघे गेलेले. मी पाण्याचं विचारलं तर त्यांनी माझा हात धरून सांगितलं, पाण्यासारखा सरळ जा आणि पाण्यासारखाच परत ये, म्हणून ओततात. ज्याने परत यावं असं वाटतं त्याच्याच मागे ओततात.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. आते, त्या बाई आपल्या हिंदी मालिका बघतात. तुर्की भाषेत, रोज, न चुकता. त्यांना विचारायचं होतं की इंडियात सासवा झोपतानाही दागिने घालतात, मग टोचत नाहीत का. वाईट बातमी आली की पडदे आपोआप उडतात, ते खिडकी उघडी ठेवल्यामुळे का. आणि दर वेळी हातातलं पूजेचं ताट पडतं, तर रोज नवीन ताट आणता का. मी हसून हसून बेजार झाले आणि माझ्या सवयीप्रमाणे सगळं खोडून काढलं. असं काही नसतं हो, आम्ही दोन खोल्यांत राहतो, सासवा गाऊन घालतात. केनान भाषांतर करत गेला आणि त्यांचं तोंड उतरत गेलं. तो चेहरा मी कुठे पाहिला होता ते मला परतीच्या विमानात आठवलं. मी तुला समुद्र नसतो म्हणून सांगितलं होतं, तेव्हाचा तुझा चेहरा होता तो.

घरी येऊन पाण्याचा अर्थ सांगितला तर तू आधी त्या मालिकेतल्या आईची मनापासून माफी मागितलीस. त्यानंतर मी टूरला निघाले की तू गॅलरीतून माझ्या टॅक्सीमागे तांब्याभर पाणी ओतायचीस. पहिल्या वेळी ते खालच्या इस्त्रीवाल्याच्या गठ्ठ्यावर पडलं. आईला तो प्रकार अजिबात पसंत नव्हता, पण मी दर वेळी सुखरूप परतत होते, त्यामुळे तिला काही बोलताही येईना.

आणि मग तुला एमिनेबाईंशी बोलायचं होतं. पहिला व्हिडिओ कॉल शुक्रवारी लागला, केनानला त्या दिवशी सुट्टी होती. तो तिकडे, मी इकडे, मध्ये आमचं दिव्य इंग्रजी. मी तुला आते म्हणते हे ऐकून त्यांनी तुला 'सुमन हाला' केलं, त्यांच्याकडे आत्याला हाला म्हणतात. तू समुद्र दाखवायला सांगितलास. त्यांनी फोन खिडकीशी नेला, तर समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले पायजमे दिसले. "अगो, ह्या तर आपलाच," तू खूश होऊन म्हणालीस, आणि फोन ठेवल्यावर हळूच म्हणालीस, "समुद्र आसा. दृष्ट लागात म्हणान दाखवणा नाय."

त्यांना तुझा जिना बघायचा होता. त्यांच्या मालिकांत प्रत्येक घराच्या मधोमध मोठा जिना असतो आणि त्यावरून सुना उतरतात. तू गुडघे सांभाळत बाहेर गेलीस आणि चाळीचा जिना दाखवलास. नेमके गावकरकाका खांद्यावर दळणाचा डबा घेऊन वर येत होते. "नोकर?" एमिनेबाईंनी विचारलं. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या गावकरकाकांकडे बघून तू मान हलवलीस. "होय."

पुढच्या शुक्रवारी तू लग्नातली हिरवी साडी नेसून बसलीस. आईच्या पाटल्या, शेजारच्या वहिनींकडचा एक ग्रॅमचा हार, नाकात नथ. मी कपाळावर हात मारला. तिकडे एमिनेबाईंनीही टेबल सजवलं होतं, बारीक बारीक बशांमध्ये ऑलिव्ह, चीज, मुरंबे, कमरेत बारीक पेल्यांत चहा. केनान पडद्याआडून म्हणाला की एरवी आई पाव आणि चहावर भागवते. तुम्ही दोघी नटूनथटून एकमेकींना आपापला देश दाखवत होतात, जसा तो दुसरीने मालिकेत पाहिलेला, अगदी तसा.

"आते, हे खोटं आहे," मी तुला म्हटलं. "तिला कधी खरं कळणार?"

"पाव्हणो येताना तू घर आवरतंस ना? पसारो खाटीखाली ढकलतंस. ता काय खोटा?"

"तो पसारा असतो. हे म्हणजे गावकरकाका आपले नोकर."

"गावकराक काय झाला? तेका मी सांगलंय. तो हसलो." मग तू जरा गंभीर झालीस. "बायो, ती माझ्या देशाक एवढा चांगला समजता. मी कित्याक तेका वायट म्हणू?"

मी तुला खूप सुनावलं. तुम्ही एकमेकींना ओळखतच नाही, तुमची मैत्री दोन मालिकांची आहे, वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तिचे गुडघे खरे आसत. माझेय खरे आसत." वाद तिथे थांबला. संपला नाही. मी मनात पुढचं उत्तर तयार ठेवलं होतं, निवांत सांगू म्हणून.

केनानच्या बायकोला दिवस गेल्याची बातमी एमिनेबाईंनी दिली, त्या शुक्रवारी तुझ्या हातात लाडवांचं ताट होतं. ते ताट तुझ्या हातातून धाडकन पडलं. लाडू चारी दिशांना. तिकडे एमिनेबाई खुर्चीत लोळून हसल्या, डोळ्यांतून पाणी, इंडियात खरंच ताट पडतं म्हणून. तूही हसलीस. मी लाडू गोळा करताना म्हटलं, काय नाटकी बाई आहेस. तू उजवा हात डाव्या हाताने चोळत बसलीस. ते ताट तू मुद्दाम पाडलंस की हातातून सुटलं, हे मी विचारलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या हातातून कप सुटायला लागले, मग चमचा, आणि परळच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी डोक्याचे फोटो उजेडासमोर धरले. आता मला सारखं वाटतं की तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तू हसून ते झाकलंस. तो पसाराही तू खाटीखाली ढकललास.

हॉस्पिटलात शुक्रवार आला. मी फोन लावू का विचारलं. तू मानेने नको म्हटलंस. नाकात नळी, अंगात तो हिरवा झगा, हातात काकण नाही. तुझे शब्द तोवर अडखळायला लागले होते, पण एवढं तू स्पष्ट बोललीस.

"माका अशी बघूक नको तिणा. सांग, गावाक गेलंय. आंबे उतरवूक."

मी तेच सांगितलं. सुमन हाला गावाला गेली, आंब्यांचे दिवस आहेत, तिथे फोनला रेंज नाही. मी, जी आयुष्यभर लोकांच्या समजुती दुरुस्त करत हिंडले. एमिनेबाई खूश झाल्या. त्यांना वाटलं आपली मैलोगणती जमीन असणार. दर शुक्रवारी विचारायच्या, आंबे संपले का. हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून मी सांगायची, अजून आहेत. एवढे कसले आंबे, त्या म्हणायच्या, राणीच आहे तुझी हाला. आंब्यांचे दिवस सरले तेव्हा मी भाताची लावणी काढली. लावणी चालू असतानाच तू गेलीस. शेवटचे दोन दिवस तू बोलत नव्हतीस, फक्त आईचा हात घट्ट धरून होतीस, आणि आई तुला मालिकेत पुढे काय झालं ते सांगत होती. तिने पाहिलेलीच नव्हती ती, जमेल तशी रचून सांगत होती. त्या मुलाला आईने परत घरात घेतलं, म्हणाली. रडला का तो, असं तू विचारशील म्हणून तिने आपणहून सांगितलं, खूप रडला.

तुझे दिवस झाले आणि माझा ग्रुप निघाला. टॅक्सीत बसताना मी सवयीने वर बघितलं. गॅलरीत आई होती, तिने हात केला. विमानतळापर्यंत मी काचेतून बाहेर बघत होते, ड्रायव्हर काय बोलत होता त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. आते, मी तोपर्यंत रडले नव्हते. बाबांवर गेलेय, असं तू म्हणाली असतीस. सी लिंकवर रडले.

मंगळवारी केनान घ्यायला आला. गाडीत त्याला सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, मग बाहीने डोळे पुसले. तुझं म्हणणं एवढं तरी खरं निघालं. म्हणाला, आईला तूच सांग, मला जमणार नाही.

एमिनेबाईंनी टेबल मांडलं होतं. त्यांना वाटलं आज तुला तिथूनच फोन लावायचा, म्हणून ठेवणीतला रुमाल, कानांत सोन्याच्या कड्या, ओठांना थोडी लाली. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न, लावणी झाली का. मी काय काय ठरवून गेले होते. पण समोर त्या बशा बघितल्या आणि सगळं इंग्रजी पळालं. मी मराठीतच म्हटलं, "आते गेली." केनान खाली मान घालून उभा राहिला. भाषांतर करावं लागलं नाही.

त्यांनी गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, कानातल्या कड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्याकडे अशा वेळी, तुझं डोकं शाबूत राहो, असं म्हणतात. ते त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो. कधी, कशाने, फार त्रास झाला का, सगळं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. आंबे नव्हते, लावणी नव्हती, हॉस्पिटल होतं. गावकरकाका नोकर नाहीत हेही सांगून टाकलं. जिना चाळीचा, हार शेजारणीचा. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. त्या माणसाच्या मनगटावर चांगलं घड्याळ होतं." मग म्हणाल्या, "एवढ्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती माझ्यासाठी जिन्यापर्यंत गेली."

चहा निवला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून केनानला काहीतरी विचारायला सांगितलं. तो अवघडला. "आई, ती मालिका असते," असं काहीतरी तो तिला म्हणाला असावा. त्या त्याच्यावर डाफरल्या, मालिका आहे हे मला कळतं, मी हिला विचारतेय, अशा सुरात. मग त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं.

"आई विचारतेय, तुमच्याकडे माणसं परत येतात ना? तिने खूपदा पाहिलंय. गाडी दरीत कोसळते, फोटोला हार घालतात, सगळे रडतात. आणि मग एक दिवस ती बाई दारात उभी असते."

असं काही नसतं हो, हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलंय की ते ओठांपर्यंत आलंच होतं. एमिनेबाई माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "येतात. चेहरा बदललेला असतो, म्हणून ओळखायला वेळ लागतो."

केनानने सांगितलं. एमिनेबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि बघत राहिल्या.